पुस्तक कोणत्या गावचं?

यवतमाळच्या दारव्हा रस्त्यावर, टिनाच्या एका शेडमध्ये, फियाट ११०० डिलाइटचं इंजिन उघडून ठेवलं होतं. गाडी माझ्या मोठ्या काकांची. हेड काढलेलं, चारही सिलिंडर रॉकेलने पुसून लख्ख केलेले आणि शेजारी पोत्यावर मी बाहेरून मागवलेल्या पिस्टन रिंगांचं खोकं. मिस्त्रींनी एक रिंग उचलून सिलिंडरच्या तोंडावर धरली, बोटांनी दाबली. रिंगची टोकं एकमेकांवर चढली, तरी ती आत जाईना. मग त्यांनी फळीवरचा व्हर्निअर काढला, सिलिंडरचा व्यास मोजला आणि मला दाखवला : ६८ मिलिमीटर आणि वर किंचित. एकदा बोअरिंग झालेलं इंजिन. माझ्या रिंगा ७२च्या होत्या. कारण माझ्याकडच्या इंग्रजी संदर्भग्रंथात ११००-डी या मॉडेलपुढे बोअर ७२, स्ट्रोक ७५ असं स्वच्छ छापलेलं होतं.

मिस्त्री चिडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, पुस्तक कोन्या गावचं हाये, थे पाहा अगुदर."

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांवरची संग्राह्य पुस्तकं कशी निवडावीत, हे सांगणाऱ्या या पुस्तिकेची खरी सुरुवात त्या दिवशी झाली. माझ्या पुस्तकात चूक नव्हती. इटलीत १९६२ साली आलेल्या ११००-डीचं इंजिन खरंच १२२१ सीसीचं होतं, बोअर ७२चाच. पण काकांची गाडी इटलीतल्या तुरीनची नव्हती, मुंबईतल्या कुर्ल्याची होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४पासून त्याच रूपाची गाडी इथे बनवायला घेतली, तेव्हा इंजिन मात्र आधीचंच, १०८९ सीसीचं ठेवलं. बोअर ६८, स्ट्रोक ७५. हीच गाडी पुढे १९७४मध्ये चित्तोडच्या राणीचं नाव घेऊन 'पद्मिनी' झाली, तेव्हाही आकडे तेच राहिले. ग्रंथाने तुरीनचं खरं सांगितलं होतं. कुर्ल्याचं त्याला विचारायचं नसतं, हे मला कळायला हवं होतं.

संदर्भग्रंथ निवडताना मी तेव्हापासून पहिल्यांदा हेच पाहतो. हे पुस्तक कोणत्या कारखान्यातल्या, कोणत्या वर्षाच्या, कोणत्या बाजारपेठेसाठी बनलेल्या गाडीबद्दल बोलतंय? ते स्वतः तसं सांगतं का? आणि ते कशाच्या आधारावर बोलतंय : कारखान्याच्या नोंदवह्यांच्या, प्रत्यक्ष खोललेल्या गाडीच्या, की दुसऱ्या पुस्तकाच्या? या प्रश्नांची उत्तरं जे पुस्तक देत नाही, ते कितीही देखणं असलं तरी पुढच्या यादीत घेतलेलं नाही.

आता कुणी विचारेल, डिलाइट ही घरगुती गाडी. स्पोर्ट्स गाड्यांच्या पुस्तकांशी तिचा काय संबंध? हा संबंध मला पुस्तकांनीच दाखवला आणि तो कळल्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

ते ६८ बाय ७५चं इंजिन फियाटमध्ये दान्ते जाकोसा यांच्या हाताखाली तयार झालं आणि १९३७मध्ये ५०८-सी या गाडीत बसलं. साधं, चार सिलिंडरचं, व्हॉल्व्ह हेडमध्ये असलेलं, दुरुस्तीला सोपं. नेमक्या याच गुणांमुळे ते शर्यतीवाल्यांच्या हाती गेलं. एन्झो फेरारी १९३९मध्ये अल्फा रोमिओ सोडून बाहेर पडले, तेव्हा चार वर्षं स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचं नाही, अशी अट त्यांच्यावर होती. १९४०च्या मिल्ले मिल्या शर्यतीसाठी त्यांनी दोन गाड्या बांधल्या. त्यांवर फेरारी हे नाव नव्हतं. नुसतं ८१५ : आठ सिलिंडर, दीड लिटर. ते इंजिन घडवताना ५०८-सीचे भाग वापरले होते. ब्लॉक नवा ओतला, बोअर-स्ट्रोक बदलले. पण हेड आणि आतले कितीतरी भाग फियाटचेच. एक गाडी तरुण अल्बेर्तो अस्कारीने चालवली, दुसरी लोतारियो रांगोनीने. दोन्ही शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. तरी फेरारींनी स्वतः उभारलेली पहिली गाडी ती हीच.

युद्ध संपल्यावर तुरीनच्या पिएरो दुसिओ यांनी सिसिटालिया काढली. त्यांची डी-४६ ही एकआसनी गाडी जाकोसांनीच आखली, आत तेच ११००चं इंजिन. त्यामागून आलेल्या २०२ला पिनिन फारिनाने जे अंग दिलं, ते पाहून न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१च्या मोटारींच्या प्रदर्शनात ती गाडी मांडली आणि पुढे कायमच्या संग्रहात घेतली. दाराचं हँडलसुद्धा अंगाच्या रेषेबाहेर येऊ न देणारी ती काया. आणि बॉनेट उघडलं की १०८९ सीसी. १९४७च्या मिल्ले मिल्यात चोपन्न वर्षांचा ताझिओ नुव्होलारी सिसिटालियाची उघडी गाडी घेऊन धावला. समोर जवळजवळ तीन लिटरची अल्फा होती. पावसाने इग्निशनमध्ये पाणी शिरेपर्यंत तो पुढे होता. शेवटी दुसरा आला. १९५८मध्ये काउंट जोव्हान्नी लुरानी यांच्या कल्पनेतून फॉर्म्युला ज्युनिअर ही शर्यतींची श्रेणी सुरू झाली, तेव्हाही पहिल्या दोन मोसमांत मोदेनाच्या स्तांगेल्लिनीने आणि इतर इटालियन कारागिरांनी फियाट ११००च्याच इंजिनावर मैदान गाजवलं. मग इंग्लंडहून इंजिन मागे असलेल्या लोटस आणि कूपर आल्या आणि तो जमाना संपला.

म्हणजे दारव्हा रस्त्यावरच्या पोत्यावर जो ब्लॉक पडला होता, त्याचं कूळ मिल्ले मिल्यापर्यंत जातं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्या आठवणी छापल्या. तिच्या इंजिनाचं हे कूळही त्यात यायला हवं होतं, असं मला फार वाटलं. हे कूळ ज्यांना मुळापासून पाहायचं असेल, त्यांनी जाकोसांचं 'फॉर्टी इयर्स ऑफ डिझाइन विथ फियाट' हे १९७९चं आत्मकथन मिळवावं. आखणाऱ्यानेच लिहिलेलं पुस्तक आहे. यादीत मी त्याला सर्वांत वर ठेवलंय, आणि ही माझी पसंती आहे, कुठल्या संग्राहकांच्या बाजाराची नव्हे.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात बसून असली यादी करण्यावर एक आक्षेप मी घरातही ऐकला आहे. ज्या जिल्ह्याचं नाव कापूसउत्पादकांच्या कर्जापायी बातम्यांत येतं, तिथे परदेशी स्पोर्ट्स गाड्यांची पुस्तकं कशाला? मला हा आक्षेप खरा वाटतो आणि तो मी टाळत नाही. पण याच जिल्ह्यात जिनिंगची यंत्रं पिढ्यान्‌पिढ्या चालवणारे हात आहेत. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला रेल्वे १९९४पर्यंत वाफेवर ओढणारे फायरमन आणि फिटर आपल्याच गावांतले. त्या इंजिनांचं जे ज्ञान त्यांच्या हातात होतं, ते फार थोडं कागदावर आलं, आणि ती माणसं गेली तसं तेही गेलं. यंत्राबद्दल नीट लिहून ठेवलं तर काय उरतं, हे पाहायचं असेल तर स्पोर्ट्स गाड्यांच्या पुस्तकांइतकं श्रीमंत दालन दुसरं नाही. तिथे एकेका मॉडेलच्या एकेका वर्षाचा स्क्रूसुद्धा लिहिलेला सापडतो.

असं लिहिण्याचा उत्तम नमुना म्हणजे बे व्ह्यू बुक्सची 'ओरिजिनल' ही माला. त्यातली 'ओरिजिनल एमजी टी सीरीज' (१९८९) आणि एमजीबी, ऑस्टिन-हीली यांवरची पुस्तकं आंदेर्स दित्लेव क्लाउसागर यांनी लिहिली. ते ब्रिटिश मोटार उद्योगाच्या वारसा संस्थेत अभिलेखपाल होते, कारखान्याच्या मूळ नोंदी त्यांच्या हाताखालच्या. कोणत्या वर्षी कोणता रंग मिळत होता, त्या रंगासोबत आतलं चामडं कोणतं, हत्यारांच्या पिशवीत काय काय असायचं, बदल नेमक्या कितव्या चेसिस नंबरपासून झाला, असं सगळं त्यात वर्षवार येतं. यातलं एक पुस्तक हातात असलं की पुढे कुठलंही पुस्तक चाळताना आपोआप मनात येतं : हे यांना कसं कळलं?

हा प्रश्न त्या काळच्या मासिकांनाही विचारावा लागतो. जॅग्वार ई-टाइप १९६१च्या मार्चमध्ये आली. 'ऑटोकार'ने ९६०० एचपी या नंबराची गाडी चालवून ताशी १५०.४ मैल वेग छापला. तो आकडा पुढची अनेक वर्षं पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिला. पण पत्रकारांना दिलेल्या त्या गाड्या खास तयार केलेल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या हाती पडणारी साधी ई-टाइप तिथवर पोचत नसे. फिलिप पोर्टर यांनी ई-टाइपवर अनेक वर्षं काम केलं आणि ९६०० एचपी ही गाडीसुद्धा पुढे त्यांच्याच मालकीची झाली. ई-टाइपवरचं कुठलंही पुस्तक विकत घेण्याआधी मी दीडशे मैलांचं पान उघडतो. तिथे नुसता आकडा असेल तर पुस्तक परत ठेवतो. आकड्यामागची गाडी कोणती हे सांगितलं असेल तर पुढे वाचतो.

याच्या उलट, काही वृत्तान्त असे आहेत की त्यांच्या तोडीचं नंतर काही लिहिलं गेलं नाही. १९५५च्या मिल्ले मिल्यात स्टर्लिंग मॉस यांच्या शेजारी पत्रकार डेनिस जेंकिन्सन बसले होते. हजार मैलांच्या रस्त्याची वळणं, चढ, उतार त्यांनी आधी फिरून टिपले होते. त्या टिपणांची लांब कागदी गुंडाळी एका डब्यात बसवून ते ती पुढे सरकवत आणि हाताच्या खुणांनी मॉसना वळण सांगत, कारण मर्सिडीज ३०० एसएलआरच्या आवाजात बोलणं ऐकूच येत नव्हतं. दहा तास, सात मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद. सरासरी ताशी १५७ किलोमीटर. जेंकिन्सन यांनी हे 'मोटर स्पोर्ट'च्या जूनच्या अंकात लिहिलं. गाडीच्या आत बसलेल्या माणसाने महिनाभरात लिहिलेलं आहे ते. म्हणून जुन्या मासिकांचे बांधलेले खंड मिळाले तर सोडू नका. नंतरच्या इतिहासकारांनी जे गाळलं, ते तिथे जाहिरातीच्या बाजूच्या रकान्यात सापडतं.

हाताचं ग्रीस लागलेली पुस्तकं, म्हणजे वर्कशॉप मॅन्युअलं, संग्राहक अनेकदा कमी लेखतात. मला हे पटत नाही. जॉन हेन्स ब्रिटिश हवाई दलातर्फे एडनला असताना एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट त्यांनी खोलली. कारखान्याचं मॅन्युअल कामाला येईना, म्हणून त्यांनी खोलण्याची एकेक पायरी कॅमेऱ्याने टिपली. त्यातून १९६६मध्ये पहिलं हेन्स मॅन्युअल निघालं. तीन हजार प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. आपल्याकडे गॅरेजांतून फियाटच्या मॅन्युअलच्या झेरॉक्स अजून फिरतात, काळ्या डागांनी अर्ध्या बुजलेल्या. अशी प्रत मिळाली तर तीही जपा. कोणत्या पानाला सगळ्यांत जास्त ग्रीस लागलंय, यावरून त्या गाडीचं दुखणं कुठे होतं ते कळतं.

कोशांबद्दल थोडक्यात. निक जॉर्जानो यांचा १९६८चा मोटारींचा कोश आणि त्यांनीच संपादित केलेला २०००चा ब्यूली कोश, या दोहोंपैकी एक घरात असावा. बंद पडलेल्या लहान कंपन्या शोधायला दुसरी सोय नाही.

पहिली आवृत्ती घ्यावी की शेवटची, यावर संग्राहकांत वाद रंगतात. कार्ल लुडविग्सेन यांचं पोर्शेवरचं 'एक्सलन्स वॉज एक्स्पेक्टेड' १९७७मध्ये एका खंडात निघालं. २००३मध्ये त्याचे तीन खंड झाले. कपाटाची शोभा पहिल्या आवृत्तीत असेल, पण प्रश्न पडला की हात नव्या खंडांकडेच जातो. माझं मत सरळ आहे : ज्याला पुस्तक वापरायचंय त्याने सुधारलेली आवृत्ती घ्यावी. पहिली आवृत्ती घ्यायची ती लेखकाला आधी काय माहीत होतं आणि नंतर काय बदललं हे पाहण्यासाठी. दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यात जो आनंद आहे, तो मी इथे शब्दांत पुरता सांगू शकत नाही.

आपल्या देशातल्या गाड्यांवर दोन पुस्तकं यादीत आहेत : मानवेंद्रसिंह बडवानी आणि मुंबईच्या इतिहासकार शारदा द्विवेदी यांचं 'द ऑटोमोबाइल्स ऑफ द महाराजाज' (२००३), आणि गौतम सेन यांचं 'द महाराजाज अँड देअर मॅग्निफिसंट मोटर कार्स' (२०११). कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक जेव्हा गर्दीतून हळूहळू पुढे येते, तेव्हा लहान पोरंसुद्धा तिचं नाव घेतात. त्या नावामागची दुनिया या पुस्तकांत आहे. पण ती राजवाड्यांची दुनिया आहे. कुर्ल्याच्या कारखान्याचा वर्षवार, चेसिस नंबरांसह, सुट्या भागांच्या याद्यांसह लिहिलेला इतिहास मराठीत यायला हवा, आणि तो त्या कारखान्यात राबलेली माणसं बोलू शकतात तोवर यायला हवा. ही पुस्तिका वाचून कुणी तरुणाने ते मनावर घेतलं तर माझ्याकडचा सगळा कागद मी त्याच्या हवाली करीन.

आता विकत घेतानाची खबरदारी. मोठ्या शहरातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी टपालाने एक जाड मॅन्युअल मागवलं होतं. वेष्टण नवं, कोपरे शाबूत, किंमत त्या मानाने चढीच. घरी आल्यावर शेवटी हात फिरवला तर शिवणीजवळ बोटभर रुंदीची पट्टी लागली; घडी घातलेला वायरिंगचा मोठा नकाशा कुणीतरी ब्लेडने कापून नेला होता. त्या नकाशासाठीच मी पुस्तक घेतलं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून टपालाने पुस्तक घेताना मी तीन छायाचित्रं मागतो : अनुक्रमणिकेचं, आवृत्तीचा तपशील असलेल्या पानाचं, आणि घडीची सगळी पानं उलगडून ठेवलेली. वेष्टण फाटलेलं चालतं. शेवटी शब्दसूची नसलेलं मात्र मी शक्यतो घेत नाही. तीनशे पानांत एक कार्ब्युरेटर शोधत बसण्याएवढं आयुष्य कुणाकडे नाही.

आणि ही पुस्तकं वऱ्हाडात ठेवायची आहेत, हे विसरू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. गोंदाने चिकटवलेल्या बांधणीचा कणा दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतो, दोऱ्याने शिवलेली बांधणी टिकते. म्हणून एकाच पुस्तकाच्या दोन प्रती समोर आल्या तर शिवलेली घ्या. पावसाळ्यात उलटं दुखणं. चित्रांच्या पुस्तकांचा गुळगुळीत आर्ट पेपर ओल धरतो, पानाला पान चिकटतं आणि ओढून सोडवलं की चित्राचा पापुद्रा निघतो. कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका. जाड खंड उभे न ठेवता आडवे ठेवा. कडुनिंबाचा सुकवलेला पाला कसर दूर ठेवतो, ही आजीची रीत मी अजून पाळतो; पाला मात्र पुरता वाळलेला हवा, नाहीतर तोच ओल आणतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये. दहा वर्षांनी टेप गळून पडते आणि तिचा पिवळा डाग कायमचा राहतो.

काकांची डिलाइट पुढे नागपूरहून आणलेल्या रिंगांवर चालू झाली. ते ७२चं पुस्तक मी टाकलं नाही. एकदा सिसिटालियाच्या इंजिनाचं उभं छेदचित्र दाखवायला मी दुसरं एक पुस्तक शेडमध्ये नेलं. मिस्त्रींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि चित्रावर टेकू न देता बोट वरून फिरवत नेलं : कॅमशाफ्ट, पुशरॉड, रॉकर, व्हॉल्व्ह. मग म्हणाले, "हे तं आपलंच हाये." मी त्यांना नुव्होलारीची गोष्ट सांगितली. इग्निशनमध्ये पाणी गेलं, इथवर आलो तेव्हा त्यांनी मान हलवली. आर्णीच्या रस्त्यावर, पावसात, हे त्यांच्या गिऱ्हाइकांचंही कितीदा झालेलं.

मी निघताना त्यांनी माझं पहिलं, ७२चं पुस्तक मागून घेतलं. कानामागची पेन्सिल काढून ११००-डीच्या तक्त्याशेजारी, समासात, मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'कुर्ला ६८'. ती प्रत विकायला काढली तर कुणीही जाणकार तिला खराब प्रत म्हणेल. यादीत ती सतराव्या क्रमांकावर आहे, आणि ज्याला पाहायची असेल त्याने यवतमाळला यावं.